वाहन कोण चालवत होते

पहिलं पत्र 'प्रिय वाहनधारक' असं सुरू होऊन
पस्तीस दिनारांवर संपत होतं.
दुसऱ्यात पस्तीसचे साठ झाले
आणि 'प्रिय' गळून पडलं.
तिसरं काल आलं, वसुलीवाल्यांकडून.
वर तराजूचं चित्र, खाली लाल अक्षरं:
चौदा दिवसांत न भरल्यास कायदेशीर कारवाई.
चौदाखाली दोन रेघा.

पाचावर धारण बसली, खोटं कशाला बोलू.
ऑगस्टचं तिकीट काढलंय,
आईचा डावा डोळा माझ्या येण्यावर थांबलाय,
आणि या देशात येऊन नऊ वर्षं झाली तरी
विमानतळावर पासपोर्ट पुढे सरकवताना
मी अजून श्वास धरते,
काहीच केलेलं नसतानाही.

परकार चाचांकडे गेले, गुदैबियात, दुसऱ्या मजल्यावर.
वकिलाच्या कचेरीत सव्वीस वर्षं फायली वाहिलेला माणूस.
चष्मा कपाळावर चढवून
सुरमईचे कल्ले बघावेत तसं त्यांनी पत्र
पुढून मागून पाहिलं.
"शिक्का कुठाय? नंबर कुठाय केसचा?
हे कोर्ट न्हाय गो. कोर्टाचा फोटो हाय."
मग चहा आला.
"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,
पन पायरीचं चित्र बघून पैसे मोजावेत
असं कुटं म्हनलंय?"

तरी पुरावा पाहून घेतला.
हूरातल्या त्या इमारतीचं तळघर,
खांब क्रमांक अकरा,
माझी जुनी सनी, मागचा दिवा फुटलेली.
आत शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ,
मध्ये सत्तेचाळीस मिनिटं.
काचेवर दिव्याची चमक आली आहे,
म्हणून आतलं काही दिसत नाही.

बरं झालं.

आमच्या खोलीत आम्ही पाचजणी.
बाथरूमला कडी आहे, पण पातळ दार,
आणि बाहेर कायम कुणीतरी टॉवेल घेऊन उभी.
त्या रात्री फोन आल्यावर ती फक्त म्हणाली,
किल्ली देतेस?
मी दिली. कुठे जातेस विचारलं नाही.
या अख्ख्या शहरात दार लावून
मोठ्याने रडता येईल अशी
आमच्या मालकीची एकच जागा आहे,
तिला चार चाकं आहेत
आणि एसी फक्त डावीकडून येतो.

पत्रात शेवटी एक चौकट आहे:
वाहन कोण चालवत होते? पूर्ण नाव लिहा.

दिवसभर मी हेच करते.
लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या येतात,
मी प्रत्येकीवर नाव चिकटवते, वय, वेळ, बारकोड.
बिननावाची नळी टाकून द्यायची, असा नियम आहे,
आणि तो मी एकदाही मोडलेला नाही.

ही चौकट मात्र रिकामी ठेवली.

उत्तर चार ओळींचं झालं, चाचांनी दोनदा वाचलं.
गाडी माझ्या नावावर आहे.
त्या रात्री मी ड्युटीवर होते, हजेरीची प्रत सोबत.
चालकाचं नाव सांगायला मी बांधील आहे असं वाटत असल्यास
कोणत्या कलमाने, ते कळवावं.
पावती जपून ठेवण्यासाठी पत्र रजिस्टर करत आहे.
'कळवावं'च्या आधी मी 'कृपया' घातलं होतं.
चाचांनी खोडलं.
नंतर म्हणाले, र्‍हाऊ दे, आपली रीत हाय.

चौदातले सहा दिवस गेले.
फोन वाजला की अजून पोटात काहीतरी हलतं,
म्हणजे मी काही वाघीण वगैरे झालेले नाही.

गुरुवारी तिने पुन्हा किल्ली मागितली.
दिली. एवढंच म्हटलं,
तळघरात नको, समुद्राकडच्या मोकळ्या मैदानात लाव,
तिथे कुणी फोटो काढत नाही.
काचेवर खार बसेल, बसू दे.
पाण्याची बाटली मागच्या सीटवर आहे.